जुन्या जीपला नवे अवयव

मोंढ्यात आडत, तालुक्याच्या गावी जिनिंग किंवा शेती आणि शहरात राहते घर, असा ज्या व्यापारी कुटुंबांचा पसारा होता, त्यांच्या दारात एके काळी जीप असे. ती हौस नव्हती, गरज होती. मराठवाड्याची काळी माती पहिल्या दोन पावसांत अशी चिकट होते की साध्या मोटारीचे चाक जागच्या जागी फिरत राहते. त्या काळात वसुलीला, खरेदीला किंवा आजाऱ्याला शहरात आणायला चारही चाकांना जोर देणारी गाडीच उपयोगी पडत असे. आता गावोगावी डांबरी रस्ते झाले, घरात दोन-दोन नव्या मोटारी आल्या आणि जीप गोदामाच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली.

अशा जीपवरून आज अनेक घरांत तीन मते ऐकू येतात. आजोबा म्हणतात, तिला हात लावू नका, आहे तशी राहू द्या. नातू म्हणतो, नव्या मॉडेलचा गिअरबॉक्स, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक बसवू आणि सुट्टीत कन्नडच्या घाटातून घेऊन जाऊ. आणि मधल्या पिढीचे वडील, ज्यांच्या हाती तिजोरीची किल्ली असते, ते विचारतात की खर्च किती, आणि त्या खर्चातून नेमके हाती काय लागेल? तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. निर्णय मात्र भावनेच्या भरात किंवा गॅरेजमधल्या गप्पांवर होऊ नये, कारण त्याच गाडीत उद्या घरातली मुले बसणार आहेत.

जीप स्वतःच जोडणीतून घडली

जुन्या गाडीत नवा भाग बसवणे म्हणजे काहीतरी अपवित्र करणे, असे मानण्याचे कारण नाही. जीपचा इतिहासच तसा आहे. अमेरिकेच्या विलिस कंपनीने १९५३ साली सीजे ३बी हे मॉडेल आणले, ते आधीच्याच जीपमध्ये ‘हरिकेन’ हे नवे इंजिन बसवून. या इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेल्याने त्याची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेटच उंच करावे लागले. आपल्याकडे जी उंच कपाळाची जीप सर्वांच्या ओळखीची आहे, तिच्या चेहऱ्याचे मूळ एका नव्या इंजिनाच्या उंचीत आहे.

महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीपच्या जोडणीचे काम हाती घेतले आणि पुढे तिचे उत्पादनही केले. १९८०च्या दशकात एमएम ५४० आली, तेव्हा तिच्यात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन होते. २००० साली आलेल्या बोलेरोतही प्यूजोच्याच घराण्याचे, पण मोठे इंजिन होते. २०१० साली जुन्या जीपच्या चेहऱ्याची ‘थार’ आली. तिच्या बॉनेटखाली संगणक-नियंत्रित सीआरडीई डिझेल इंजिन होते आणि समोरची चाके पाट्यांऐवजी स्वतंत्र सस्पेंशनवर होती. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या मॉडेलांत सुट्या भागांचे असे नाते असल्यामुळेच बोलेरोचा किंवा जुन्या थारचा भाग जीपला बसवण्याची कल्पना मेकॅनिकला सुचते आणि पुष्कळदा ती साध्यही होते.

नात्याची परीक्षा मात्र नावावरून करू नये. २०२० साली आलेली थार ही मुळापासून नवी गाडी आहे. तिची चौकट वेगळी आहे आणि चारही चाकांवर पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आहेत. २०१०च्या थारशी तिचे नाव जुळते, पण भाग क्वचितच जुळतात. उलट जुनी थार आणि बोलेरो यांची नावे वेगळी असूनही त्यांच्यात देवघेव अधिक सोपी आहे.

सीजे ३बीच्या उदाहरणातून एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. कारखान्याने इंजिन बदलले तेव्हा बॉनेटही बदलले. नवा भाग ज्या ज्या भागाला स्पर्श करतो, त्या सर्वांचा विचार तेथे आधी झाला होता. गॅरेजमध्ये फसगत होते ती येथेच. आपण एक भाग विकत घेतो. त्याच्या मागून येणारी मंडळी मोजत नाही.

एका भागामागून किती भाग येतात?

सर्वांत लोकप्रिय बदलापासून, म्हणजे डिस्क ब्रेकपासून, सुरुवात करू. जुन्या जीपला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात. ड्रममधला ब्रेक-शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच अधिक घट्ट बसतो. डिस्कला हा फायदा मिळत नाही. तिला पायाचा जोर अधिक लागतो. त्यासाठी बूस्टर हवा. बूस्टर निर्वातावर चालतो आणि डिझेल इंजिनातून तो पेट्रोल इंजिनासारखा आयता मिळत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप हवा; अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. डिस्कच्या कॅलिपरला तेल अधिक लागते, म्हणून मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा. कॅलिपर चाकाच्या आत मावला पाहिजे, म्हणून रिमचे माप तपासायला हवे. आणि पुढचे ब्रेक इतके तेज झाल्यावर मागच्या ड्रमशी त्यांचा समतोल साधायला हवा, नाहीतर ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होईल. म्हणजे ‘डिस्क बसवली’ या दोन शब्दांत किमान पाच वस्तूंची खरेदी दडलेली असते.

गिअरबॉक्सचेही तसेच. पाच गिअरचा नवा बॉक्स जुन्या चार किंवा तीन गिअरच्या बॉक्सपेक्षा लांब असेल, तर ट्रान्स्फर केस मागे सरकते. ट्रान्स्फर केस म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी. ती मागे सरकली की मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा उतार वाढतो. सीजे ३बीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर अवघे ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर. इतक्या कमी जागेत शाफ्ट आणखी आखूड केला तर गाडी थरथरते आणि शाफ्टच्या टोकाचे क्रॉस लवकर झिजतात. पुढचा शाफ्ट तितकाच लांब करावा लागतो, क्लच आणि गिअरबॉक्सचे जोड पुन्हा जुळवावे लागतात आणि चेसिसवरचा आधार नव्या जागी बसवावा लागतो.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यातली चूक लगेच दिसत नाही. विलिस जीपच्या एक्सलचे प्रमाण ५.३८ असे असते. याचा अर्थ शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. चढावर आणि चिखलात हे उत्तम. पण सुमारे ७३ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ताशी ८० किलोमीटर वेग धरला, तर इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,१०० फेरे मारावे लागतात. म्हणून जीप महामार्गावर आक्रोश करते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो की मागचा एक्सल नव्या गाडीचा टाका, प्रमाण समजा ४.२७ असलेला, त्याच वेगाला इंजिन सुमारे २,५०० फेऱ्यांवर शांत चालेल. हिशेब खरा आहे. गाडी दोन चाकांवर चालेपर्यंत काही बिघडतही नाही.

पण पुढचा एक्सल ५.३८चाच राहिला आणि चिखलात फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा ओढला, तर पुढचे चाक १०० फेरे घेते तेव्हा मागचे १२६ फेरे घेऊ पाहते. दोन्ही चाके एकाच गाडीला बांधलेली. रस्ता तर एकच. मऊ मातीत घसरून हा फरक काही प्रमाणात जिरतो. कोरड्या, घट्ट जमिनीवर तो जिरायला जागा नसते. तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्स्फर केसच्या दातांवर येतो आणि जो भाग सर्वांत दुबळा तो तुटतो. म्हणून फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत एक्सलचे प्रमाण बदलायचे असेल तर पुढे आणि मागे एकदमच बदलावे, अन्यथा बदलू नये. याला तिसरा मार्ग नाही. जुनी जीप खरेदी करतानाही हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. अनेक गाड्यांत पूर्वी कोणीतरी मागचा एक्सल बदललेला असतो आणि फोर-व्हीलचा दांडा वर्षानुवर्षे कोणी ओढलेलाच नसतो.

कोणते काम आधी?

सुधारणा सुरू करण्यापूर्वी गाडी तिच्या मूळ प्रकृतीवर आणावी. पुष्कळ तक्रारी रचनेच्या नसतात, झिजेच्या असतात. स्टिअरिंग एका बाजूला ओढते, हात सोडला की गाडी भरकटते, अशा वेळी पॉवर स्टिअरिंगचा विचार करण्याआधी टाय रॉडची टोके, किंगपिनचे बेअरिंग आणि पाट्यांचे बुश बदलून पाहावेत. झिजलेल्या सांध्यांवर पॉवर स्टिअरिंग बसवले, तर ढिलेपणा तसाच राहतो. फक्त हाताला जाणवेनासा होतो, आणि ते अधिक धोक्याचे. वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमुळे लेथवर अचूक माप काढणारे कारागीर या शहरात आहेत. जो बुश बाजारात मिळत नाही तो येथे नमुन्याबरहुकूम करून मिळतो. बाहेरच्या गावच्या जीपमालकांना ही सोय सहज मिळत नाही.

त्यानंतरचा क्रम असा असावा: आधी थांबणे, मग वळणे, मग दिसणे, आणि सर्वांत शेवटी धावणे.

थांबण्याच्या बाबतीत पहिली सुधारणा डिस्क नव्हे. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपमध्ये ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग चारही चाकांना जातो. कोठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी जातात. पुढचा आणि मागचा मार्ग वेगळा ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, तर एक बाजू गेली तरी दुसरी शिल्लक राहते. खर्चाने ही सुधारणा लहान; जिवाच्या दृष्टीने सर्वांत मोठी. घाट उतरताना तिची किंमत कळते.

मग बसणाऱ्यांचे रक्षण. तीन ठिकाणी अडकणारा सीट बेल्ट नव्या गाडीतून आणता येतो, पण तो पातळ पत्र्याला नुसता बोल्ट मारून अडकवला तर धक्क्याच्या वेळी पत्र्यासकट उखडून येतो. त्यामागे जाड पट्टी आणि भक्कम चौकटीचा आधार हवा. मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून महामार्गावर जाण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा.

दिव्यांच्या बाबतीत नवा प्रखर एलईडी दिवा जुन्या परावर्तकात बसवण्याची चूक सर्रास होते. प्रकाश विखुरतो, समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि आपल्याला मात्र फारसे अधिक दिसत नाही. त्याआधी जुन्या कुजक्या वायरी काढून दिव्यांना रिले आणि फ्यूजसह नवी वायर दिली, तर त्याच बल्बचा उजेड पुष्कळ वाढतो. शिवाय जुन्या गाड्यांना आग लागण्याचे एक मोठे कारणही त्यामुळे दूर होते.

हे सारे झाल्यावरच मोठ्या इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा विचार करावा. ज्या गाडीचे ब्रेक ताशी ६० किलोमीटरच्या हिशेबाने घडले आहेत, तिला १०० किलोमीटरचा वेग देणे ही सुधारणा नव्हे.

शेंद्र्यात जोडलेल्या गाडीची गोष्ट

जुनी फोर-व्हील ड्राइव्ह म्हटले की जीपच डोळ्यांसमोर येते, पण आता दुसरी एक पिढी जुनी होऊ लागली आहे. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ पासून आहे. २०१० साली भारतात आलेली येटी तेथेच जोडली जात असे. २०१७ मध्ये ती बाजारातून गेली. या शहरातील काही कुटुंबांनी ती आपल्याच गावची गाडी म्हणून घेतली आणि आजही प्रेमाने सांभाळली आहे. तिच्या फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारात मागच्या चाकांना जोर देण्याचे काम हाल्डेक्स नावाचा, तेलात बुडालेल्या पात्यांचा क्लच करतो. दांडा ओढावा लागत नाही. घसरण जाणवताच संगणक तो क्लच दाबतो.

अशा गाडीत नव्या मॉडेलचा पडदा, स्टिअरिंग चाक किंवा दिवे बसवण्याची हौस तरुणांना असते. येथे अडचण मापाची नसते, भाषेची असते. गाडीतला प्रत्येक उपकरण-संच इतरांशी संगणकीय भाषेत बोलत असतो. २०१४च्या सुधारित येटीचे पुष्कळ भाग २०१०च्या येटीला समजतात, कारण रचना एकच आहे. त्याच शेंद्र्यात पुढे जोडल्या गेलेल्या कोडियाकची रचना नव्या पिढीची आहे. तिचे भाग दिसायला शोभले तरी येटीशी बोलत नाहीत. काही नव्या संचांना तर चोरीविरोधी कुलूप असते. दुसऱ्या गाडीत घातले की कंपनीच्या केंद्रातून उघडून घेतल्याशिवाय ते काम करत नाहीत. काही वेळा नवा पडदा चालतो, पण गाडी बंद केल्यावर झोपी जात नाही आणि सकाळी बॅटरी उतरलेली आढळते.

येथेही क्रम तोच. पडद्यावर खर्च करण्यापूर्वी हाल्डेक्सचे तेल शेवटचे केव्हा बदलले ते पाहावे. हे तेल मागच्या डिफरन्शियलच्या तेलाहून वेगळे असते आणि सर्व्हिसिंगमध्ये अनेकदा राहून जाते. ते खराब होऊन क्लचचा पंप निकामी झाला, तर फोर-व्हील ड्राइव्हची किंमत मोजून घेतलेली गाडी दोनच चाकांवर चालू लागते, आणि मालकाला त्याचा पत्ता पहिल्या चिखलात लागतो.

कायदा, विमा आणि वही

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे स्पष्ट केले की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे. इंजिन, चेसिस, आसनसंख्या किंवा शरीराची रचना बदलणे हा मात्र मंजुरीचा विषय आहे, आणि तो गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारावा. समोर बसवल्या जाणाऱ्या जाडजूड लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश दिले आहेत.

आजोबांच्या मताला बळ देणारी एक तरतूदही येथे सांगायला हवी. जुलै २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. अट ही की गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, शरीर किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नसते. प्रदर्शन, रॅली आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे १९७०च्या आसपासची निर्दोष मूळ जीप घरात असेल, तर तिचे इंजिन बदलणे हा परत न फिरणारा व्यवहार ठरतो. तिला मूळ रूपातच सांभाळावे आणि नातवाच्या हौसेसाठी १९९०च्या दशकातली, आधीच भाग बदललेली एखादी जीप पाहावी. दोघांचेही समाधान होते.

विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होतो, आणि तो वाद अपघातानंतर, सर्वांत वाईट क्षणी उभा राहतो. भंगारातून इंजिन किंवा एक्सल घेताना बिल घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. चोरीच्या गाडीचा नंबर आपल्या जीपमध्ये निघाला तर खुलासा आपल्यालाच द्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. गाडी पेढीच्या नावावर असली तरी तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवरील कराची वजावट सर्वसाधारणपणे मिळत नाही, हेही हिशेबात धरावे.

शेवटी वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. खर्च किती, याचे एक आकड्यातले उत्तर नाही. पण तो लिहिण्याची रीत आपल्या पेढ्यांना ठाऊक आहे. जीपसाठी एक स्वतंत्र वही ठेवावी आणि तिच्यात तीन खाती उघडावीत: दुरुस्ती, सुरक्षितता आणि हौस. बुश, क्रॉस, वायरिंग पहिल्यात. दुहेरी मास्टर सिलिंडर आणि सीट बेल्ट दुसऱ्यात. गिअरबॉक्स, रुंद टायर आणि पडदा तिसऱ्यात. पहिली दोन खाती पूर्ण होईपर्यंत तिसऱ्यात एक रुपयाही टाकू नये. हौसेचा खर्च गैर नाही, मात्र त्याला गुंतवणूक म्हणू नये; बदललेल्या जीपला विकताना लावलेला पैसा क्वचितच परत येतो.

त्या वहीत प्रत्येक भागाचे मॉडेल, माप, बिल, तारीख आणि मेकॅनिकने बदललेली वायर किंवा नळी यांची नोंद असावी. दहा वर्षांनी जीपच्या चाव्या ज्याच्या हाती जातील, त्याला कंपनीचे पुस्तक उपयोगी पडणार नाही, कारण गाडी त्या पुस्तकाप्रमाणे राहिलेली नसेल. रात्री घाटात गाडी बंद पडली तर कोणत्या गाडीचा कोणता भाग मागवायचा, हे त्याला या वहीतूनच कळेल. ही वही नातवाने लिहावी, आजोबांनी तपासावी आणि वडिलांनी महिनाअखेर तिच्यावर सही करावी.